वालेरिया स्त्रानेओ : पाणथरी काढली, मग सुरू झाली खरी मॅरेथॉन

रानजाई

तीन महिने झाले, हा धागा काढायचा म्हणतेय. आज लेक लवकर झोपली आहे, तर लिहूनच टाकते.

लेक अकरा वर्षांची. जानेवारीत तिचे डोळे पिवळसर दिसायला लागले म्हणून रक्त तपासलं, हिमोग्लोबिन ८.४ निघालं. पुढच्या तपासण्यांत आजाराचं नाव कळलं, हेरेडिटरी स्फेरोसायटोसिस. तांबड्या पेशी जन्मतःच गोल असतात आणि प्लीहेत, म्हणजे आपल्या पाणथरीत, अडकून फुटत राहतात. माझ्या सासऱ्यांना आयुष्यभर 'कावीळ येते-जाते' असं म्हणत, ते बहुधा हेच असावं.

पोर धावणारी आहे. पाचवीपासून शाळेच्या ४०० मीटरच्या संघात. निदानाची चिठ्ठी शाळेत दिली तर खेळाच्या सरांनी आम्हाला न विचारता तिचं नाव यादीतून काढलं. यादी फळ्याशेजारी लावलेली होती, तिच्या नावावर निळ्या पेनाची रेघ. घरी येऊन तिनं ती रेघ मला बोटानं हवेत ओढून दाखवली. रडली नाही. ते रडली नाही हेच मला सहन झालं नाही.

त्या रात्री हा आजार असलेलं कुणी धावपटू आहे का ते शोधत बसले आणि वालेरिया स्त्रानेओ सापडली. इटलीची, जन्म १९७६, गाव अलेस्सांद्रिया. हाच आजार, जन्मापासून. दोन मुलांची आई. २०१० मध्ये, चौतिसाव्या वर्षी, तिची पाणथरी काढली. त्यानंतर :

२०११ ला बर्लिनमध्ये २:२६:३३. २०१२ च्या फेब्रुवारीत रोम-ओस्तिया अर्धमॅरेथॉन १:०७:४६, तेव्हाचा इटलीचा विक्रम. दीड महिन्यानं रॉटरडॅम मॅरेथॉनमध्ये २:२३:४४, तोही इटलीचा विक्रम. त्याच ऑगस्टमध्ये लंडन ऑलिंपिकमध्ये आठवी. २०१३ ला मॉस्कोच्या जागतिक स्पर्धेत रौप्य. २०१४ ला झुरिकच्या युरोपियन स्पर्धेत पुन्हा रौप्य. २०१६ ला रिओमध्ये चाळिसाव्या वर्षी तेरावी.

ज्या वयात बायकांना 'आता पुरे' म्हणतात त्या वयात हिची कारकीर्द उघडली. मला हिच्याबद्दल सगळं वाचायचंय. मॉस्कोची शर्यत कुणी पाहिली होती का? आणि डॉक्टरमंडळींनी आजाराबद्दलही सांगावं.

पहाटवारा

रानजाईताई, आधी लेकीला खूप खूप आशीर्वाद.

मॉस्को मी पाहिली होती, १० ऑगस्ट २०१३, स्पर्धेचा पहिलाच दिवस. दुपारची सुरुवात. टीव्हीवरही उन्हाची तिरीप जाणवत होती. नदीकाठचा रस्ता, फेऱ्या मारायच्या आणि शेवट लुझनिकी स्टेडियमात. मोठ्या स्पर्धांत बायका सुरुवातीला एकमेकींकडे बघत सावकाश निघतात. ही बाई निघाली तीच पुढे. मला वाटलं, उत्साह आहे, पाचेक किलोमीटरवर मागे पडेल. दहा झाले. अर्धी शर्यत झाली. तीसच्या पाटीलाही तीच पुढे. मागचा घोळका मात्र दर काही किलोमीटरला विरळ होत होता. शेवटी तिच्या मागे एकटी एडना किप्लागट उरली, केनियाची, २०११ ची विश्वविजेती.

चाळिसाव्या किलोमीटरच्या आसपास किप्लागट बाजूनं आली आणि गेली. ती २:२५:४४, स्त्रानेओ २:२५:५८. चौदा सेकंद. तिसरी आली जपानची कायोको फुकुशी, २:२७:४५. म्हणजे स्त्रानेओच्या मागे पावणेदोन मिनिटं रस्ता रिकामा होता. मी त्या दिवशी संध्याकाळी कुठे जायचं होतं ते विसरून टीव्हीसमोर बसून राहिलो होतो.

घाटमाथा

मला ती शर्यत आवडली, पण स्पष्ट सांगतो, तिचं सुवर्ण तिनं स्वतःच घालवलं. चाळीस किलोमीटर दुसऱ्यांना आडोसा द्यायचा, वेग आपण ठरवायचा, वारा आपण खायचा, आणि शेवटच्या दोनात मागची ताजी माणसं काढून घेऊन जाणार. आमच्या साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनला नवखी पोरं हेच करतात, आणि आम्ही त्यांना हे करू नका म्हणून सांगत असतो. २०१४ ला झुरिकमध्येही तिनं पुढेच पळत राहून पुन्हा तेच केलं. फ्रान्सची क्रिस्तेल दोने २:२५:१४, ही २:२५:२७. पुन्हा तेरा सेकंद.

पहाटवारा

घाटमाथा, आकडे समोर ठेवून बघा. किप्लागटनं २०१२ ला लंडनमध्ये २:१९:५० मारली होती. स्त्रानेओची आयुष्यातली सर्वोत्तम २:२३:४४. कागदावर चार मिनिटांचा फरक. शेवटचे दोन किलोमीटर झपाट्यानं पळायची ताकद एकीत भरपूर आणि दुसरीत कमी. अशा बाईनं घोळक्यात लपून बसायचं ठरवलं असतं तर काय झालं असतं? पस्तीसच्या पाटीला दहा जणी एकत्र आल्या असत्या आणि त्यातल्या सहा-सात जणी तिच्यापेक्षा जास्त वेगानं शेवट करणाऱ्या. ती सातवी-आठवी आली असती आणि आपण हा धागा वाचत नसतो.

तिनं सुरुवातीपासून किलोमीटरला ३ मिनिटं २८ सेकंदांच्या आसपासचा वेग लावून धरला, उन्हात. त्या वेगानं बाकीच्या सगळ्या गळाल्या. एक गळाली नाही. तिचं शस्त्र एकच होतं, न थकता तोच वेग ओढत राहणं, आणि ते शस्त्र पहिल्या किलोमीटरपासूनच चालवावं लागतं.

घाटमाथा

हा मुद्दा मान्य. साताऱ्याच्या पोरांशी तुलना चुकलीच माझी. त्यांना आपला वेग माहीत नसतो, हिला नेमका माहीत होता. झुरिकबद्दल मात्र अजून वाटतं की चढावर तिनं थोडं राखायला हवं होतं. तो रस्ता चार फेऱ्यांचा होता आणि प्रत्येक फेरीत विद्यापीठाच्या टेकडीचा चढ.

एक गोष्ट आत्ता बघताना लक्षात आली. लंडन ऑलिंपिकमध्ये तिची वेळ २:२५:२७ आणि झुरिकमध्येही २:२५:२७. एक पावसात, सपाट रस्त्यावर, छत्तिसाव्या वर्षी. दुसरी टेकडीवर चार वेळा चढून, अडतिसाव्या वर्षी. आणि त्या झुरिकच्या शर्यतीत सुवर्ण जिंकणारी दोने तर एकोणचाळीसची होती. पहिल्या दोघींच्या वयाची बेरीज सत्त्याहत्तर!

डॉक्टर_निरगुडी

रानजाई, मी रक्तविकारतज्ज्ञ नाही, जनरल फिजिशियन आहे, तेव्हा तुमच्या डॉक्टरांचा शब्द शेवटचा. पण ढोबळ माहिती देतो.

निरोगी तांबडी पेशी मधे दाबलेल्या चकतीसारखी असते, त्यामुळे ती दुमडून अगदी अरुंद फटीतूनही जाते. पाणथरीत रक्ताला अशाच फटींतून जावं लागतं, ती शरीराची चाळणी आहे. या आजारात पेशीच्या आवरणातली प्रथिनं सदोष असतात, पेशी चकती न राहता गोटी होते. गोटी दुमडत नाही. ती चाळणीत अडकते आणि नष्ट होते. नेहमीच्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, या त्याच्या अंशभरच जगतात. अस्थिमज्जा भरभर नव्या पेशी बनवून तूट भरायला बघते. फुटलेल्या पेशींमुळे डोळे पिवळे, पित्ताशयात खडे, आणि काम वाढल्यानं पाणथरी मोठी.

ती काढली की पेशी गोलच राहतात, आजार मुळातून जात नाही, पण त्यांना अडवणारी चाळणी गेल्यानं त्या जास्त जगतात आणि हिमोग्लोबिन बहुतेकांत नेहमीच्या पातळीवर येतं. मॅरेथॉनमध्ये स्नायूंपर्यंत प्राणवायू पोचवणं हाच सगळा खेळ. स्त्रानेओ चौतीस वर्षं कमी रक्तावर पळत होती. तिच्या हृदयाला आणि पायांना त्या कमीवर काम काढायची सवय होती. मग एक दिवस रक्त पुरेसं मिळालं.

आता तुमच्या लेकीबद्दल. एक, शस्त्रक्रिया प्रत्येकाला लागत नाही. सौम्य आजारात फॉलिक ॲसिड आणि लक्ष ठेवणं यावर वर्षानुवर्षं जातात. दोन, काढायची ठरलीच तर न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिब या लसी आधी, निदान दोन आठवडे आधी, घ्याव्या लागतात, कारण पाणथरी नसलेल्या माणसाला जंतुसंसर्गाचा धोका जन्मभर राहतो. नंतर कधीही ताप आला तर घरी थांबायचं नाही. तीन, हे जरा कडू आहे. पाणथरी वाढलेली असेल तर कबड्डी, कुस्ती, पोटावर मार बसेल असे खेळ खरोखर टाळायचे असतात, ती फुटू शकते. सरांनी तुम्हाला न विचारता रेघ मारली हे चुकलंच. पण सोनोग्राफी होईपर्यंत सावध राहणं बरोबर आहे. धावणं वेगळं, त्याचं लेखी मत डॉक्टरांकडून घ्या आणि तेच शाळेत द्या.

सांजउन

डॉक्टर, एक प्रामाणिक शंका. पाणथरी काढून कामगिरी एवढी सुधारत असेल तर बाकीच्यांवर तो अन्याय नाही का?

डॉक्टर_निरगुडी

नाही. ज्याचं रक्त नॉर्मल आहे त्याची पाणथरी काढून काहीही फायदा नाही, उलट संसर्गाचा धोका विकत घेतला. स्त्रानेओला शस्त्रक्रियेनं बाकीच्या जणी जिथून सुरुवात करतात तिथे आणून ठेवलं. चष्मा लावला म्हणजे दुसऱ्यांपेक्षा जास्त दिसायला लागत नाही, तसंच.

गंमत वाटेल, पण पाणथरी आणि धावण्याचा संबंध इटलीत दोन हजार वर्षं जुना आहे. रोमन लेखक प्लिनी यानं लिहून ठेवलंय की पाणथरी कधी कधी धावण्याच्या आड येते आणि धावपटू ती डाग देऊन लहान करून घेतात. त्या काळी असं खरंच कितपत होत असेल ते सोडा, पण समजूत होती.

तोरिनोकर

ती समजूत अजून आहे! मी नऊ वर्षं तोरिनोत राहतो. इथे धावताना डाव्या बरगडीखाली कळ आली की लोक सरळ म्हणतात, 'मिल्झा दुखतेय', मिल्झा म्हणजे पाणथरी. माझ्या रविवारच्या गटात कुणी पोट धरून थांबलं की हाच शब्द येतो.

अलेस्सांद्रिया इथून नव्वदेक किलोमीटर. तानारो आणि बोर्मिदा या दोन नद्यांमधलं सपाट गाव, बोर्सालिनोच्या टोप्या तिथल्याच. हिवाळ्यात धुकं असं बसतं की शेताच्या बांधावरचं झाड दिसत नाही. आपल्याकडे इटली म्हटलं की समुद्र आणि ऊन डोळ्यांसमोर येतं, पण या भागात चार महिने मोजे दोन-दोन घालून पळावं लागतं. वर ढोर मेहनत करणाऱ्या माणसांचा हा पिएमोंते प्रांत. तिची प्रशिक्षकही एक बाईच, बेआत्रिचे ब्रोस्सा, आणि क्लब इथल्याच वोल्पियानोचा, रनर टीम ९९. पोलिस किंवा सैन्याच्या क्रीडासंघात नोकरी आणि पगार घेऊन पळणारे खेळाडू इथे पुष्कळ. ती मात्र क्लबातून आली, मुलांचं करत, कामधंदा करत.

रॉटरडॅमला तिनं मोडलेला विक्रमही पिएमोंतेच्याच मुलीचा होता. माउरा विचेकोंते, सूझा दरीतली. २००० साली व्हिएन्नात २:२३:४७. त्याआधी १९९८ ला बुडापेस्टच्या युरोपियन स्पर्धेत कांस्य. स्त्रानेओनं बारा वर्षांनी तो विक्रम तीन सेकंदांनी मोडला. विचेकोंते २०१९ मध्ये गेली, एक्कावन्नाव्या वर्षी. त्या दिवशी आमच्या गटातली वयस्कर माणसं पळाली नाहीत, नदीकाठच्या बाकावर बसून राहिली. तिचं नाव या धाग्यात असायला हवं म्हणून लिहिलं.

स्त्रानेओचा विक्रम पुढे २०२३ च्या डिसेंबरपर्यंत टिकला. व्हॅलेन्सियात सोफिया यारेमचुकनं २:२३:१६ मारून तो घेतला.

जुना_हडसनकर

उशिरा आलो. मी न्यू जर्सीत १९९४ पासून. इटलीच्या बायकांचा विषय निघाला आणि फ्रांका फियाक्कोनीचं नाव नाही असं कसं चालेल?

१ नोव्हेंबर १९९८, न्यूयॉर्क मॅरेथॉन. मी आणि माझा रूममेट सेंट्रल पार्कात, शेवटाच्या अलीकडे उभे होतो. तेव्हा बायकांची वेगळी सुरुवात नसे, पुरुषांच्या गर्दीतच त्या धावत, त्यामुळे कोण पहिली हे पटकन कळायचं नाही. सगळे टेगला लोरूपेची वाट बघत होते. तिनं त्याच एप्रिलमध्ये रॉटरडॅमला २:२०:४७ चा जागतिक विक्रम केला होता आणि न्यूयॉर्क आधी दोनदा जिंकलेली. आणि वळणावरून आली ती रोमची फियाक्कोनी. पंजे आवळलेले, मान किंचित तिरपी, तोंड उघडं. ती पुढे गेल्यावर माझ्या शेजारचे एक आजोबा कठड्यावर हात आपटत इटालियनमध्ये काहीतरी ओरडत होते, त्यांचा आवाज बसला तरी थांबेनात. २:२५:१७. मेक्सिकोची आद्रियाना फर्नांदेस दुसरी, लोरूपे तिसरी, अडीच तासांच्या पुढे.

फियाक्कोनी १९९६ ला तिथेच दुसरी, १९९७ ला तिसरी आणि मग १९९८ ला पहिली. न्यूयॉर्क जिंकणारी इटलीची ती पहिली बाई आणि तिच्यानंतर आजतागायत दुसरी झालेली नाही. स्त्रानेओ २०१३ ला, मॉस्कोनंतर तीनच महिन्यांनी, तिथे पाचवी आली होती.

त्याही आधी लाउरा फोल्यी. १९८२ ला अथेन्सच्या युरोपियन स्पर्धेत बायकांना पहिल्यांदा मॅरेथॉन पळू दिली. ऑलिंपिकला तर अजून दोन वर्षं होती. त्या पहिल्या शर्यतीत पोर्तुगालची रोझा मोटा पहिली, फोल्यी दुसरी, इंग्रिड क्रिस्टियानसेन तिसरी. १९८६ ला पुन्हा मोटा पहिली, फोल्यी दुसरी. १९८८ ला सोलमध्ये सहावी. मोटा आणि क्रिस्टियानसेनचं नाव सगळ्यांना माहीत, त्यांच्या मधल्या बाईचं कुणालाच नाही.

पहाटवारा

काका, काय आठवण दिलीत!

इटलीच्या बायकांच्या पदकांना काहीतरी चमत्कारिक चिकटलेलं असतं खरं. १९९५ ला गोथेनबर्गच्या जागतिक स्पर्धेत ओर्नेल्ला फेर्रारा कांस्य जिंकली, आणि नंतर कळलं की आयोजकांनी धावपटूंना स्टेडियममधून एक फेरी कमी मारून बाहेर सोडलं होतं. मॅरेथॉन ४०० मीटर कमी भरली! पदकं राहिली, वेळा गेल्या.

आणि आन्ना इंचेर्ती, सिसिलीची. २०१० ला बार्सेलोनात युरोपियन कांस्य. पुढच्या दोघी, लिथुआनियाची आणि रशियाची, एकीमागून एक उत्तेजक सेवनात बाद झाल्या आणि इंचेर्तीचं कांस्याचं सुवर्ण झालं. शर्यत संपली त्या दिवशी पदकमंचाच्या मधल्या पायरीवर उभं राहून राष्ट्रगीत ऐकायचं, ते तिचं कायमचं हुकलं. मला या गोष्टीचा अजून राग येतो. पदक पाठवता येतं. ती दुपार कशी पाठवणार?

गोदाकाठ

मी नाशिकची, धावत नाही, पण कविता राऊतच्या शर्यतींना लहानपणी रस्त्याकडेला उभी राहिलेली आहे. रिओची मॅरेथॉन आम्ही घरचे सगळे तिच्यासाठी बघत होतो, म्हणून सांगते : स्त्रानेओ आणि सावरपाड्याची कविता त्याच शर्यतीत होत्या, १४ ऑगस्ट २०१६. स्त्रानेओ २:२९:४४, तेरावी. कविता २:५९:२९, एकशेविसावी. तेव्हा आम्ही नाराज झालो होतो. आता हा धागा वाचून त्या दिवसाचं ऊन आठवतं. त्या यादीत शेवटपर्यंत पोचणं हेही किती कठीण होतं ते तेव्हा कळलं नव्हतं.

रानजाई, कविता लहानपणी पाणी आणायला डोंगर उतरून जायची हे सगळे सांगतात. तुमची लेक कोणत्या अंतराला बरी आहे? ४०० च म्हणालात का? मोठ्या अंतराची असेल तर घाई नाही, लांब पळणाऱ्या उशिराच पिकतात.

घाटमाथा

गोदाकाठ यांच्या शेवटच्या ओळीला अनुमोदन. अकराव्या वर्षी ४०० चा संघ गेला म्हणजे काहीच गेलं नाही. स्त्रानेओ अकरा वर्षांची असताना कुणी तिच्याकडे बघून विश्वरौप्य म्हटलं असतं का? ताई, तिला सध्या टेकडीवर चालायला न्या, रोज, हळू. धाप लागली की थांबायचं. पाय तरी तयार राहतील.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस वाचतेच आहे.

डॉक्टर, तुमचं तिसरं वाक्य कडू होतं पण ते वाचून सरांवरचा माझा अर्धा राग उतरला. उरलेला अर्धा, न विचारता रेघ मारल्याचा, तो राहू दे. मंगळवारी सोनोग्राफी आहे. पाणथरी किती वाढली आहे ते कळेल, मग रक्तविकारतज्ज्ञांशी लसींचंही बोलून घेते.

गोदाकाठ, ती ४०० ला जायची कारण शाळेत त्याहून लांबचं काही नाही. शेवटच्या शंभरात तिला सगळ्या गाठतात. पण दमत नाही, थांबवल्यावरही पळत राहते.

काल तिला मॉस्कोची शेवटची दहा मिनिटं दाखवली. मी समजावून सांगत होते, ती काही बोलत नव्हती. किप्लागट बाजूनं पुढे गेली तेव्हा तिनं माझ्या हातातला मोबाइल घेतला, मागे नेला, ती जागा परत पाहिली. मग विचारलं, "हिला पण डोळे पिवळे व्हायचे?" म्हटलं, हो, होत असणार. म्हणाली, "आणि तेव्हा पण पळायची?"

घाटमाथा, आज सकाळी साडेसहाला आम्ही तळजाईवर गेलो. पंचेचाळीस मिनिटं चाललो, दोनदा थांबलो. मंगळवारी रिपोर्ट आला की इथेच लिहीन.